इम्पिरियल व्हॅलीत: दोन द्रवांचं मिश्रण आणि जमिनीखालचं पाणी

शुक्रवार: सॅन डिएगो ते एल सेंट्रो

सॅन डिएगोहून पूर्वेला निघालेला आठ नंबरचा हायवे तासाभरात डोंगरात शिरतो आणि चार हजार फुटांच्या वर जातो. वर फेब्रुवारीची थंडी होती, खिडकी खाली केली की कान झोंबत होते. मग इन-को-पाह घळीतून रस्ता एकदम कोसळतो. दोन्ही बाजूंना नुसते दगडांचे ढीग, झाड म्हणून नाही. ओकोटिओला पोचलो तेव्हा अंगातला स्वेटर नकोसा झाला होता. तिथल्या पवनचक्क्या मागे पडल्या की वाळवंट सपाट होतं, आणि अचानक हिरवंगार शेत सुरू होतं: लेट्यूस, अल्फाल्फा, कांदा, गाजर. सगळं कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर. एल सेंट्रो शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 12 मीटर खाली आहे.

गाडी माझा आतेभाऊ चालवत होता. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. एल सेंट्रोची पाटी दिसल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला. 18 मे 1940 च्या भूकंपाची इथली नोंद जगभरचे स्ट्रक्चरल इंजिनिअर आजही वापरतात. "ताई, कॉलेजात कोयना आणि एल सेंट्रो ही दोनच नावं आम्हाला पाठ होती," तो म्हणाला. 1967 च्या कोयना भूकंपाची नोंदही धरणांच्या अभ्यासात तशीच जगभर वापरतात. आपल्या सातारा जिल्ह्याचं आणि या शेतकरी गावाचं नाव एकाच तक्त्यात शेजारी शेजारी असतं, ही गोष्ट मला फार आवडली.

भूकंप आणि मी ज्यासाठी आले ती जमिनीखालची उष्णता, दोन्हींचं मूळ एकच. कॅलिफोर्नियाच्या आखातात समुद्रतळ फाटत चालला आहे. ती फाट उत्तरेला जमिनीत शिरते आणि पुढे सॅन अँड्रियास भ्रंशाला मिळते. या खोऱ्याखाली कवच ताणून पातळ झालंय, खालचा तापलेला खडक वर सरकलाय. वरून नदीने हजारो मीटर गाळ आणून टाकला. त्या गाळात मुरलेलं पाणी खालून तापतं. जमिनीतल्या उष्णतेपासून होणाऱ्या, म्हणजे भूऔष्णिक विजेला उष्णता, पाणी आणि पाणी वाहू देणारा सच्छिद्र थर लागतो. निसर्गाने इथे तिन्ही एकत्र दिली आहेत.

मी केमिकल इंजिनिअर. हीट एक्सचेंजरचं, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राचं डिझाइन हे माझं रोजचं काम. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपासून जवळ. त्या पाण्यावर वीज होईल का, हा प्रश्न मला लहानपणापासून लोक विचारतात. उत्तर शोधताना वाचनात पुन्हा पुन्हा एक नाव येत राहिलं: हेबर. ते एल सेंट्रोच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे, आणि तिथे दोन द्रवांच्या मिश्रणावर वीज काढून पाहिली होती.

शनिवार: हेबर

निघण्याआधी नाश्त्याच्या टेबलावर भावाला आकृती काढून दाखवली, कारण बाहेरून पाहताना पाइप आणि टाक्यांशिवाय काही दिसणार नव्हतं.

हेबरला वापरतात त्या बायनरी पद्धतीत जमिनीतलं गरम पाणी टर्बाइनला लागतच नाही. ते एक्सचेंजरच्या नळ्यांमधून जातं आणि आपली उष्णता दुसऱ्या, कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाला देतं. तो द्रव म्हणजे वर्किंग फ्लुइड. त्याची वाफ टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि पंप तिला परत पाठवतो. पाणी मात्र दुसऱ्या विहिरीतून जमिनीत परत जातं. 1967 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कामचाटकातल्या पाराटुंकाला अवघ्या 81 अंशांच्या पाण्यावर हे करून दाखवलं होतं.

आता खरी अडचण. कागदावर आडवी उष्णता, उभं तापमान. गरम पाणी उष्णता देत जातं तसं त्याचं तापमान उतरत जातं. ती एक तिरकी रेघ. शुद्ध द्रवाचं तसं नाही. तो आधी तापतो, मग उकळायला लागला की सगळा उकळून होईपर्यंत एकाच तापमानाला अडून राहतो. त्याची रेघ सपाट होते. दोन्ही रेघा एका ठिकाणी जवळ येतात, त्याला आम्ही पिंच म्हणतो. बाकी सगळीकडे त्यांच्यात मोठी फट राहते. उष्णता त्या फटीतून पलीकडे जाते, नाहीशी होत नाही. पण 160 अंशांवरची उष्णता 100 अंशांवरच्या द्रवात ओतली की तिची काम करण्याची ताकद कायमची कमी होते. दगडी कोळशाच्या भट्टीत आपण ही फट सहन करतो, कारण ज्वाळा हजार अंशांच्या वर असते. इथे मुळात हातात आहेत दीडशे-पावणेदोनशे अंश. त्यातले वीस असे गमावणं परवडत नाही.

"मग दोन द्रव मिसळले तर?" भावाने विचारलं. हेबरला नेमकं तेच केलं होतं.

घरचा गॅस सिलिंडर हे याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. गॅस वापरू लागलं की हलका प्रोपेन जास्त प्रमाणात आधी निघतो, मागे जड ब्युटेन वाढत जातो. म्हणून थंडीच्या प्रदेशात सिलिंडर संपत आला की ज्योत मंदावते. म्हणजे मिश्रण एका तापमानाला उकळत नाही. हलका भाग आधी, जड भाग नंतर, आणि उकळताना तापमान हळूहळू चढत जातं. या चढाला ग्लाइड म्हणतात. मिश्रण नीट निवडलं तर त्याची चढती रेघ गरम पाण्याच्या तिरक्या रेघेच्या बरीच समांतर धावते. फट आक्रसते. थंड होतानाही तसंच: कंडेन्सरमध्ये मिश्रणाचं तापमान उतरत जातं, समोरून येणारं थंड पाणी तापत जातं, आणि दोघं बरोबरीने चालतात.

हेबरला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागली. डॉगवुड रोडच्या कडेला लेट्यूसची शेतं, त्यात वाकून कापणारे मजूर, आणि शेतांच्या मधोमध पाइप, एक्सचेंजरची लांबलचक पिंपं, कूलिंग टॉवरच्या वर पांढरी वाफ. धुराडं नाही, कोळशाचा ढीग नाही. रस्त्यावरून, कुंपणाबाहेरूनच पाहिलं. आज इथे चालणारी संयंत्रं ऑरमॅट कंपनीची आहेत. मला जे पाहायचं होतं ते मात्र इथून केव्हाच उठून गेलंय. त्या जागेच्या आसपास उभं राहावंसं वाटत होतं, इतकंच.

1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या सरकारने पर्यायी ऊर्जेवर पैसा ओतला. त्यातून हेबरचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. अर्धा खर्च केंद्रीय ऊर्जा खात्याचा, बाकीचा सॅन डिएगो गॅस अँड इलेक्ट्रिक आणि तिच्या भागीदारांचा. निव्वळ 45 मेगावॅटचं बायनरी संयंत्र, त्या काळाच्या मानाने प्रचंड. जमिनीतलं पाणी सुमारे 182 अंशांचं. वर्किंग फ्लुइड म्हणून 90 टक्के आयसोब्युटेन आणि 10 टक्के आयसोपेंटेन. आयसोब्युटेन उणे 12 अंशांना उकळतो, आयसोपेंटेन 28 अंशांना.

हेबरच्या डिझाइनरांनी आणखी एक शहाणपणा केला होता, आणि त्यावर मला जरा थांबायचंय. त्यांनी मिश्रण क्रांतिक दाबाच्या वर नेऊन तापवलं. त्या दाबाला उकळणं असं वेगळं काही उरतच नाही. द्रव सरळ घट्ट वायूसारखा होत जातो आणि सपाट पायरी आपोआप नाहीशी होते. म्हणजे गरम बाजूची फट त्यांनी दाबाने बुजवली, आणि 10 टक्के आयसोपेंटेनचा खरा उपयोग थंड बाजूला, कंडेन्सरमध्ये झाला. संध्याकाळी मी राउल्टचा नियम (घटकांच्या प्रमाणावरून मिश्रणाचा बाष्पदाब काढायचा) लावून हिशेब केला. 40 अंशांच्या आसपास 90-10 मिश्रणाचा ग्लाइड साधारण 5 अंशांचा येतो. कूलिंग टॉवरचं पाणी कंडेन्सरमध्ये जितकं तापतं त्याच्या जवळ जाणारा आकडा. पन्नास-पन्नास केलं तर ग्लाइड 12 अंशांवर जातो, आणि मग तितकं तापू शकणारं, म्हणजे कमी आणि हळू वाहणारं थंड पाणी लागतं. 10 टक्के हा आकडा कुणी अंदाजाने टाकलेला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मंडळींचं काम आज तपासतानाही मान लवते.

1985 मध्ये संयंत्र सुरू झालं, 1987 मध्ये बंद पडलं. लोक त्यावरून म्हणतात की मिश्रणाचा प्रयोग फसला. मला ते मान्य नाही. मिश्रणाने आपलं काम केलं. कमी पडलं ते जमिनीतलं पाणी. 45 मेगावॅट निव्वळ काढायचे तर माझ्या हिशेबाने सेकंदाला जवळपास एक टन गरम पाणी लागतं. तेवढं कधीच मिळालं नाही आणि संयंत्र पूर्ण क्षमतेला पोचलंच नाही. त्यात 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि पर्यायी ऊर्जेतला रस आटला. थर्मोडायनॅमिक्स बरोबर होतं, विहिरी पुरल्या नाहीत. हा फरक पुढच्या माणसाने लक्षात ठेवायलाच हवा, नाहीतर तो चुकीची गोष्ट सोडून देईल.

दुपारी कॅलेक्सिकोला जेवलो. सीमेची भिंत हॉटेलच्या दारातून दिसत होती. पलीकडे मेहिकालीच्या आग्नेयेला सेर्रो प्रिएतो आहे, 1973 पासून वीज देणारं मेक्सिकोचं मोठं भूऔष्णिक क्षेत्र. एकच फाट, दोन देश.

रविवार: हॉल्टव्हिल आणि ईस्ट मेसा

सकाळी एल सेंट्रोच्या गुरुद्वाऱ्यात गेलो. 1948 पासूनचा हा गुरुद्वारा इथल्या पंजाबी शेतकऱ्यांनी उभा केला. दलीप सिंग सौंड याच खोऱ्यात शेती करायचे. बर्कलेची गणितातली डॉक्टरेट असूनही त्यांना शेतीच करावी लागली. 1956 मध्ये ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले, आशियाई वंशाचे पहिले. लंगरात डाळ-रोटी झाली. शेजारी बसलेल्या आजोबांनी आम्ही कशासाठी आलो ते विचारलं, आणि गरम पाण्याची वीज म्हटल्यावर त्यांनी लगेच सांगितलं की वाळवंटात, हॉल्टव्हिलच्या पुढे, अंघोळीचं कुंड आहे ते चुकवू नका.

हॉल्टव्हिलपासून पूर्वेला शेतं संपतात. ईस्ट हायलाइन कालवा ओलांडला की वाळू, क्रिओसोटची झुडपं, आणि लांबवर अल्गोडोनेसच्या टेकड्यांची पिवळी कड. हाच ईस्ट मेसा. इथे जमिनीखालचं पाणी हेबरपेक्षा थोडं थंड, साधारण दीडशे अंशांचं. त्यामुळेच बायनरी पद्धतीचा बराच इतिहास या तुकड्यावर घडला.

1979 मध्ये मॅग्मा पॉवर कंपनीने इथे सुमारे 11 मेगावॅटचं संयंत्र उभं केलं. त्यात आयसोब्युटेन आणि प्रोपेन दोन्ही होते, पण मिसळलेले नव्हते. दोन वेगवेगळ्या चक्रांत, एकाची उरलेली उष्णता दुसऱ्याला. पुढे त्याला कंपनीचे संस्थापक बी. सी. मॅकेब यांचं नाव दिलं. 1987 पासून ऑरमॅटची ऑरमेसा संयंत्रं आली. त्यांनी उलटा विचार केला: एक मोठं टर्बाइन नको, छोटी तयार युनिट्स रांगेत लावा आणि गरम पाणी एकातून दुसऱ्यात उतरवत न्या. प्रत्येक युनिटमध्ये उकळण्याचं तापमान आधीच्यापेक्षा खाली. पाण्याची तिरकी रेघ त्यांनी जिन्यासारख्या पायऱ्यांनी गाठली. त्यातलं एक युनिट बंद पडलं तरी बाकीची चालतात. व्यवहारात हाच मार्ग जिंकला, आणि तो का जिंकला हे रस्त्यावरून नुसती ती रांग पाहूनही कळतं.

मला मात्र ओढ होती ती तिसऱ्या गोष्टीची. आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या लोकांनी आधी आयडाहोतल्या राफ्ट रिव्हरला आणि नंतर इथे ईस्ट मेसाला एक लहानसं संशोधन संयंत्र चालवलं. वीज विकण्यासाठी नव्हे, मिश्रणं समजून घेण्यासाठी. प्रोपेन-आयसोपेंटेन, आयसोब्युटेन-हेक्सेन अशा जोड्या वेगवेगळ्या प्रमाणात घेऊन त्यांनी क्रांतिक दाबाच्या वर तापवल्या आणि काळजीपूर्वक थंड केल्या.

सगळी मेख त्या थंड करण्यात होती. कारखान्यातल्या नेहमीच्या कंडेन्सरमध्ये वाफ नळ्यांच्या बाहेर असते, थेंब झाले की खाली गळून वेगळे होतात. शुद्ध द्रवाला काही फरक पडत नाही. मिश्रणात मात्र जड घटक आधी थेंब होऊन निघून जातो, मागे हलक्या वायूची गर्दी उरते, आणि तिला द्रव करायला आणखी थंड पाणी लागतं. ग्लाइड हाताबाहेर जातो. त्यावर उपाय हा की वाफ नळीच्या आत ठेवायची, थेंब आणि वाफ शेवटपर्यंत एकत्र वाहू द्यायचे, आणि थंड पाणी नेमक्या उलट दिशेने पाठवायचं. मग दोघं समतोलात राहतात. आयडाहोच्या गटाने कंडेन्सर उभा ठेवून पाहिला, तिरका ठेवून पाहिला, जवळजवळ आडवा करून पाहिला. हेतू एकच: कोणत्या स्थितीत मिश्रण हिशेबाप्रमाणे वागतं. निष्कर्ष आश्वासक होते. नीट बांधलेल्या उलट-प्रवाही कंडेन्सरमध्ये मिश्रण कागदावरच्या रेघेच्या जवळून जातं.

हे काम माझ्या धंद्याचं आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगते. मिश्रणाला उष्णता देणं-घेणं शुद्ध द्रवापेक्षा अवघड असतं. थेंबांच्या पृष्ठभागाशी हलक्या वायूचा थर साचतो, जड घटकाला त्यातून वाट काढत यावं लागतं. त्यातच, रेघा समांतर आणल्या म्हणजे तापमानाचा फरक आपणच कमी केला. दोन्हींचा परिणाम एकच: एक्सचेंजर मोठा लागतो. आणि भूऔष्णिक संयंत्रात विहिरींनंतर मोठा खर्च एक्सचेंजर आणि कंडेन्सरचाच असतो. मिश्रणाने टर्बाइनमधून मिळवलेले चार पैसे स्टीलमध्ये जाऊ शकतात. गळती झाली तर हलका घटक जास्त जातो आणि प्रमाण बिघडतं, मग कोणता किती भरायचा ते तपासून भरावं लागतं. आयसोब्युटेन काय, पेंटेन काय, सगळे ज्वालाग्राही. आज जगातली बहुतेक व्यापारी संयंत्रं एकेका शुद्ध द्रवावर चालतात ती आळसामुळे नाही. चालवणाऱ्याला रात्री तीन वाजता सोपी गोष्ट हवी असते.

तरीही माझं मत मिश्रणाच्या बाजूने झुकतं, आणि त्याचं कारण तापमान आहे. पाणी दोनशे अंशांकडे असेल तर मिश्रण न करताही दाब वाढवून, दोन-तीन पायऱ्या करून काम भागतं. पाणी 120 अंशांच्या खाली आलं की पायऱ्या करायला जागाच उरत नाही. तिथे प्रत्येक अंश मोलाचा, आणि मिश्रणाचा फायदा टक्क्यांत सर्वांत जास्त दिसतो. जर्मनीत बायरॉइट विद्यापीठात कमी तापमानाच्या भूऔष्णिक पाण्यासाठी आयसोब्युटेन-आयसोपेंटेनसारख्या मिश्रणांवर झालेला अभ्यास हेच सांगतो. अलेक्झांडर कलिना यांचं अमोनिया-पाण्याचं चक्र याच तत्त्वावर बांधलेलं आहे, फक्त द्रव सेंद्रिय नाहीत. आइसलंडमध्ये हुसाविकला आणि बव्हेरियात उंटरहाखिंगला ते प्रत्यक्ष वापरलं गेलं.

आजोबांनी सांगितलेलं कुंड हायवेजवळच निघालं. भोवती हिवाळा काढायला आलेल्या निवृत्त मंडळींच्या गाड्यांची वस्ती. पाण्यात पाय सोडून बसलो. कॅनडाहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्या देशात असे झरे आहेत का. मी गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूरचं उन्हाळे अशी नावं सांगत गेले आणि त्या प्रत्येक नाव परत म्हणून पाहत होत्या.

सोमवार: सॉल्टन सी

उत्तरेला निघालो. कॅलिपॅट्रिया गाव समुद्रसपाटीच्या 55 मीटर खाली आहे. तिथल्या ध्वजस्तंभाची उंची अशी ठेवलीय की झेंडा बरोबर समुद्राच्या पातळीवर फडकावा. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीने कालव्याचा बांध फोडला आणि 1907 पर्यंत ती या खळग्यात येत राहिली, त्यातून सॉल्टन सी झाला. आता तो आटतोय, पाणी समुद्राहून कितीतरी खारट झालंय, आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ आसपासच्या गावांतल्या मुलांच्या छातीत जाते. विजेची आणि लिथियमची चर्चा करताना ही मुलं विसरून चालणार नाही.

नायलंडजवळ चिखलाची कुंडं आहेत. राखाडी चिखल बुडबुडत राहतो, कडेला माणसाएवढे सुळके झालेत. वर येतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. एके काळी इथे विहिरी खणून तो वायू काढत आणि त्याचा सुका बर्फ करून विकत.

सॉल्टन सीच्या दक्षिण काठावरची संयंत्रं ईस्ट मेसाच्या अगदी उलट. खाली तापमान 300 अंशांच्या आसपास आणि वजनाने जवळपास एक चतुर्थांश क्षार विरघळलेले. इथे बायनरीचा एक्सचेंजर लावला तर नळ्या बघता बघता भरून जातील. म्हणून 1982 पासून इथे पाण्याचा दाब कमी करून थेट वाफ काढतात आणि सिलिका वेगळ्या टाक्यांत मुद्दाम जमवून काढून टाकतात. त्याच क्षारांत लिथियम आहे, ते काढायच्या योजना जोरात आहेत. भाऊ रमला, मी जरा अस्वस्थ होते. सगळ्यांचं लक्ष या 300 अंशांकडे आहे, आणि जगात सापडणारं बहुतेक गरम पाणी ईस्ट मेसासारखं किंवा त्याहून थंड असतं. दीडशे अंशांखालच्या पाण्यावर कोण डोकं लावतंय, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मंगळवार: परतीचा रस्ता

परतताना चढाच्या बाजूला रेडिएटरसाठी पाण्याची पिंपं ठेवलेली दिसली. गाडीत एसी बंद ठेवून चढा, अशा पाट्याही होत्या. वर गार वारा लागला तशी आमची चर्चा तुरळवर आली.

"ताई, मग आपल्याकडे होईल का नाही ते सांग ना सरळ," भाऊ म्हणाला.

सरळ सांगायचं तर झऱ्याच्या पाण्यावर नाही. कोकणातले झरे वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत एका ओळीत आहेत, आणि सर्वांत गरम झरेसुद्धा पृष्ठभागावर 70 अंशांच्या आसपास. अलास्कात चेना हॉट स्प्रिंग्जला 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज होते, हे खरं. पण तिथे थंड करायला जवळजवळ बर्फाचं पाणी आहे. आपल्याकडे मे महिन्यात नदीचं पाणीच 30 अंशांचं. वरचं टोक तेच राहून खालचं टोक 25 अंशांनी वर आलं की उरतं काय?

पाण्यातल्या क्षारांवरून काढलेले अंदाज मात्र खोलवर 100 अंशांहून जास्त तापमान सांगतात. समजा, विहीर खणून 110 अंशांचं पाणी मिळालं, सेकंदाला 10 लिटर, आणि ते 65 अंशांपर्यंत थंड केलं. उष्णता मिळते सुमारे 1,900 किलोवॅट. 35 अंशांना ती सोडायची तर तत्त्वतः जास्तीत जास्त 14 टक्क्यांची वीज. प्रत्यक्षात निम्मी धरा, 130 किलोवॅट. विहिरीतला पंप, थंड पाण्याचे पंप आणि पंखे वजा करून शंभराच्या आत. नीट निवडलेल्या मिश्रणाने त्यात दहा टक्के भर पडली तर दहा किलोवॅट. गाडीत बसून केलेला हा कच्चा हिशेब आहे, पण त्याचा आवाका बरोबर आहे. एखाद्या वाडीचं शीतगृह, काजू-आंब्याचं वाळवणघर चालेल. तेही 65 अंशांना बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वाळवणीसाठी उपयोग केला तर परवडेल. नुसत्या विजेसाठी नाही.

लडाखच्या पुगा खोऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे 4,400 मीटर उंचीवर झरे त्या उंचीच्या उत्कलनबिंदूला पोचतात, आणि हवा वर्षातले बरेच महिने गोठलेली असते. वरचं टोक गरम, खालचं टोक थंड. 2021 मध्ये ओएनजीसीने तिथे एक मेगावॅटच्या प्रकल्पासाठी करार केला. पाण्याचा तुटवडा आणि थंड हवा म्हणजे कंडेन्सर हवेवरचा. त्यात पंख्यांनी खूप हवा ढकलायची की कमी हवा जास्त तापवायची, हा प्रश्न येतो. पंख्यांची वीज वाचवायची तर हवा जास्त तापू द्यावी लागते, आणि नेमकं तिथेच मिश्रणाचा ग्लाइड कामाला येतो. माझ्या मते भारतात मिश्रण पहिल्यांदा वापरून पाहायची जागा ती आहे. आयसोब्युटेन आणि आयसोपेंटेन दोन्ही आपल्या रिफायनऱ्यांच्या प्रवाहांत असतातच. हवेवरच्या कंडेन्सरमध्ये वाफ आपोआप नळीच्या आत असते, म्हणजे आयडाहोच्या गटाने शिकवलेली अर्धी गोष्ट आयतीच मिळते. उरलेली अर्धी म्हणजे नळ्यांच्या ओळी अशा रचणं की हवा आणि मिश्रण खरोखर उलट दिशेने जातील. ती रचना करता येते, आम्ही इतर कामांसाठी करतो.

"आणि तुरळ?" त्याने पुन्हा विचारलं.

तुरळला आधी एक चाचणी-विहीर हवी, आणि तिच्यातून महिनोन्महिने पाणी काढून प्रवाह आणि तापमान टिकतं का ते पाहायला हवं. हेबरला 45 मेगावॅटचं टर्बाइन तयार होतं आणि पाणी कमी पडलं. कोकणात मिश्रणाचं प्रमाण ठरवायला मला एक संध्याकाळ पुरेल, पण सेकंदाला किती लिटर हा आकडा जमिनीतूनच यावा लागेल. तो मोजायला किती खोल जावं लागेल, बेसाल्टखालच्या खडकात भेगा कुठे आहेत, देवस्थानच्या कुंडांना धक्का न लावता विहीर कुठे घेता येईल, गावकऱ्यांची संमती कशी घ्यायची, यावर सॅन डिएगोचे दिवे दिसेपर्यंत आम्ही बोलत होतो. आत्याचा फोन आला तेव्हा भावाने स्पीकरवर तिलाच विचारलं की तुरळच्या कुंडाचं पाणी पावसाळ्यात थंड होतं का. आत्या म्हणाली, श्रावणात थोडं कोमट लागतं, पण कुणी मोजलेलं नाही.

मी तिला सांगितलं की घरातला ताप बघायचा थर्मामीटर चालणार नाही, मी आल्यावर 100 अंशांपर्यंतचा आणते, आणि या वर्षी दर महिन्याला एकदा, सकाळी, त्याच जागी मोजायचं.